नाशिक–ठाणे: रोज पंचवटी एक्स्प्रेसने ये-जा, की सोमवार ते शुक्रवार ठाण्यात मुक्काम?

इंदिरानगरवाली

नवी नोकरी ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये मिळतेय. वेळ दहा ते साडेसहा, आठवड्याचे पाच दिवस. शुक्रवारी घरून काम करू देतील असं म्हणालेत, पण पहिले तीन महिने नाही. घर इंदिरानगरात, स्वतःचं आहे, हप्ते चालू आहेत. मिस्टर सातपूरला शिफ्टमध्ये, मुलगी चौथीत, घरी सासूबाई आहेत. त्यामुळे बिऱ्हाड हलवायचं नाही, एवढं नक्की आहे.

पर्याय दोन दिसतात. रोज पंचवटीने जाणं-येणं, किंवा ठाण्यात पीजी (पेइंग गेस्ट म्हणून खाट) घेऊन शनिवार-रविवार घरी. माझा कल रोज येण्याकडे आहे, कारण निदान रात्री तरी घरी असेन. पास, गाड्यांच्या वेळा, गाडी चुकली तर काय, पीजी घेताना काय बघायचं, हे ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. ‘लोक करतात की’ एवढ्यावर निर्णय होत नाहीये.

---

घाटवाट

ताई, पासाचा खर्च नंतर बघू. आधी ऑफिसमधून रोज किती वाजता बाहेर पडता येईल ते पक्कं करा. नाशिक-मुंबई ये-जा संध्याकाळच्या गाडीवर ठरते, सकाळच्या नाही.

पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते आणि ठाण्याला पावणेसात ते सातच्या दरम्यान येते. वागळे इस्टेट ते ठाणे स्टेशन अंतर चार-पाच किलोमीटरच आहे, पण संध्याकाळी तीन हात नाका आणि स्टेशन रोडला पाऊण तास सहज जातो. साडेसहाला सुटलात तर पंचवटी मिळणार नाही. सहाला, पावसाळ्यात पावणेसहाला जागेवरून उठावंच लागेल. म्हणजे कामाची वेळ पावणेसहाला संपेल अशी करून घ्यावी लागेल, आणि तीही नेमणूकपत्रात किंवा निदान ईमेलवर. तोंडी ‘हो हो, निघा लवकर’ दोन महिन्यांत विरतं. पाच वाजताची मीटिंग लागली की वरिष्ठांना तुमची गाडी आठवत नाही.

सकाळी ही गाडी मनमाडहून सहाच्या सुमारास निघून नाशिकरोडला सातच्या आसपास येते, आणि साडेनऊ ते दहाच्या मध्ये ठाण्यात पोचवते. परतताना नाशिकरोड साधारण साडेनऊ. वेळापत्रक बदललं की पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात, म्हणून चालू वेळ अ‍ॅपवर बघून घ्या.

पंचवटी चुकली तर? त्यानंतर विदर्भ, पंजाब मेल, अमरावती अशा गाड्या नाशिकमार्गे जातात, पण लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीला पास चालत नाही आणि आरक्षित डब्यात तर नाहीच. चढलात तर दंड. कुठल्या गाड्यांना चालतो ते पास काढतानाच खिडकीवर विचारून घ्या. नाहीतर कसारा लोकल धरायची आणि कसाऱ्याहून शेअर टॅक्सीने नाशिक. कसारा ते नाशिक सव्वा ते दीड तास, शिवाय टॅक्सी भरेपर्यंत थांबणं. दिवसा पटकन भरते, रात्री उशिरा ताटकळावं लागतं. तेव्हा टॅक्सीवर भिस्त ठेवू नका.

वंदे भारतचा रोजच्या जाण्याला उपयोग नाही. शिर्डीची वंदे भारत सकाळी सहा वीसला सीएसएमटीहून निघते आणि संध्याकाळी शिर्डीहून परत मुंबईला जाते, म्हणजे तुमच्या बरोब्बर उलट. पास तिला मुळातच चालत नाही. मात्र मुक्कामाचा पर्याय घेतलात तर रविवारी संध्याकाळी नाशिकरोडहून ठाण्याला जायला ती उत्तम आहे (मंगळवारी धावत नाही, रविवारी धावते).

पासाबद्दल. मासिक आणि त्रैमासिक दोन्ही मिळतात. त्रैमासिक मासिकाच्या २.७ पट पडतो, म्हणजे तीन महिन्यांत जेमतेम दहा टक्के वाचतात. न वापरलेल्या दिवसांचा परतावा नाही. म्हणून पहिला पास एका महिन्याचाच काढा. पंचवटी सुपरफास्ट आहे, तेव्हा पासावर सुपरफास्टचा अधिभार भरलाय ना ते बघून घ्या. नव्या पासधारकाला तिथेच दंड बसतो. ओळखपत्र रोज जवळ हवं. पास मोबाइलवर असेल तर परतीच्या प्रवासात बॅटरी संपणं म्हणजे विनातिकीट, म्हणून पॉवरबँक किंवा सरळ कागदी पास.

पास म्हणजे जागा नव्हे. पासधारकांच्या डब्यांत वर्षानुवर्षांचे गट असतात, जागा धरून ठेवलेल्या असतात. नियमाने असा हक्क कुणाचाच नाही, पण पहिल्याच आठवड्यात भांडू नका. नाशिकरोडला गाडी मनमाड, लासलगाव, निफाडची माणसं घेऊन येते, त्यामुळे पंधरा मिनिटं आधी फलाटावर असणं आणि नेमका डबा कुठे लागतो हे माहीत असणं फार कामाला येतं. महिलांच्या डब्यात नव्याने येणारीला सांभाळून घेतात. दोन-चार जणींचे नंबर पहिल्याच दिवशी घ्या. गाडी कुठे अडकली हे अ‍ॅपआधी त्या ग्रुपवर कळतं.

आणि घाट. कसारा-इगतपुरी चढ सदतीसास एक असा आहे, म्हणून परतताना कसाऱ्याला मागून ढकलणारी जादा (बँकर) इंजिनं जोडतात. त्याचा वेळ वेळापत्रकात धरलेला असतो, पण पुढे मालगाडी चढत असेल तर मागची खोळंबते. जून ते सप्टेंबर दरड, रुळांवर पाणी, वेगमर्यादा हे सगळं आलंच. फेब्रुवारीत करून बघितलेली ये-जा जुलैत तशी राहत नाही.

---

जेलरोड

वेळेचा हिशेब मांडून बघा. इंदिरानगरहून सहा वीसला निघाल्याशिवाय पार्किंग, जिना, फलाट जमत नाही. ऑफिसात पावणेदहा-दहा. म्हणजे जाताना साधारण तीन तास चाळीस मिनिटं. येताना ऑफिस ते घर चार तास. रोजचे सात तास चाळीस मिनिटं, महिन्याचे बावीस दिवस धरले तर १६८ तास. हे सात अख्खे दिवस झाले, रात्रीसकट.

आता झोप. डबा करून निघायचं तर पाचला उठणं आलं. रात्री घरी दहा-सव्वादहा, जेवण, दुसऱ्या दिवसाची तयारी, पाठ टेकायला सव्वाअकरा. पावणेसहा तास मिळाले. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. उरलेला तास-सव्वातास गाडीत काढता येतो, पण फक्त बसायला जागा मिळाली तर.

तुम्ही लिहिलंय, रात्री तरी घरी असेन. चौथीतली मुलगी सव्वादहाला झोपलेली असते, आणि सकाळी तुम्ही निघता तेव्हा उठलेली नसते. रोज येऊनही सोमवार ते शुक्रवार ती तुम्हाला भेटणार नाही. उलट मुक्कामाला राहिलात तर रात्री आठ ते नऊ व्हिडिओ कॉलवर तिचा गृहपाठ घेता येईल, तेव्हा तुम्ही गाडीत घाटाखाली असणार नाही, जिथे नेटवर्कही धड नसतं. हे कठोर वाटेल, पण ‘घरी येणं’ आणि ‘घरच्यांना वेळ देणं’ यांचा हिशेब वेगळा ठेवा.

---

चारचाकी

रस्त्याचा विचार कुणी मांडला नाही म्हणून लिहितो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तेव्हापासून ‘आता नाशिक-ठाणे गाडीने सोपं’ असं सर्रास ऐकू येतं. घाट टळला हे खरं. इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, पावसाळ्यात त्याचा मोठा फायदा. पण समृद्धी आमण्याला संपते. पुढे वडपे, भिवंडी बायपास, खारेगाव, साकेत पूल, माजिवडा हा पट्टा सगळ्यांना सारखाच आहे. घाटात वाचलेला वेळ सकाळी नऊला इथे परत जातो.

खर्च: इंदिरानगर ते वागळे जाऊन-येऊन २९० किलोमीटर धरा. लिटरला १८ चा अ‍ॅव्हरेज म्हणजे १६ लिटर पेट्रोल, १०५ रुपये भाव धरला तर रोजचे जवळजवळ १,७०० रुपये, टोल वेगळा. चौघांत वाटलं तरी डोई सव्वाचारशे. महिन्याला ६,४०० किलोमीटर होतात, म्हणजे दहा हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग दीड महिन्यातच येते आणि टायर सहा-सात महिन्यांत बदलायला होतात. हे लोक हिशेबात धरत नाहीत.

फास्टॅगचा वार्षिक पास (१५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा) २०० फेऱ्यांचा आहे, आणि तिथे फेरी म्हणजे एक नाका ओलांडणं. घोटी आणि पडघा असे जाता-येता चार नाके झाले की पास पन्नास दिवसांत संपतो, म्हणजे बावीस दिवसांच्या महिन्याने सव्वादोन महिने. तरीही दिवसाला साठेक रुपयेच पडतात, चांगला आहे. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. समृद्धीवर चालत नाही.

पांढऱ्या पाटीच्या (खाजगी) गाडीत परवानगीशिवाय अनोळखी लोक पैसे घेऊन नेणं बेकायदा आहे, आणि अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. ऑफिसच्याच चौघांनी आळीपाळीने आपापली गाडी काढणं हे त्यातल्या त्यात सरळ.

रोज गाडी चालवत जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत. पावणेसहा तास झोपलेल्या माणसाने रात्री समृद्धीवर ताशी १२० ने गाडी हाकणं धोक्याचं आहे. सरळ, एकसुरी, रिकाम्या रस्त्यावर डोळा लागतो तो कळत नाही. गाडीचा पर्याय शुक्रवारच्या परतीसाठी किंवा रेल्वे ठप्प असेल त्या दिवसासाठी ठेवा.

एसटीही आहे. महामार्ग बसस्थानकावरून ठाण्याच्या बस मिळतात, महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे (१७ मार्च २०२३ पासून). रोजच्यासाठी रस्ता तोच, कोंडी तीच, पण पंचवटी रद्द झाली तर एसटीच कामाला येते.

---

खोली आणि डबा

मुक्कामाबद्दल लिहिते. ताई, तुम्ही मुक्काम करणार सोमवार ते गुरुवारच्या रात्री, म्हणजे महिन्याला १७-१८. भाडं मात्र पूर्ण महिन्याचं. समजा खाट ९,००० रुपयांना मिळाली, तर रात्रीला पाचशेच्या वर पडते. काही पीजीवाले ‘पाच दिवसांची खाट’ कमी भाड्याने देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. त्यात शनिवार-रविवार तुमच्या खाटेवर दुसरं कुणी झोपणार नाही ना, आणि कपाट कुलपाचं आहे ना, हे आधी ठरवून घ्या.

जागा कुठे घ्यायची? ऑफिसजवळ घ्यावीशी वाटते, पण वागळेच्या आतल्या भागात संध्याकाळनंतर बाईमाणसाला चालत जायला रस्ते फारसे बरे नाहीत आणि रिक्षा मिळायला त्रास होतो. नौपाडा किंवा ठाणे पूर्वेला कोपरी बघा. भाडं थोडं जास्त, पण सोमवारी पंचवटीतून उतरून सामान टाकून ऑफिसला जाता येतं आणि शुक्रवारी उलट. कल्याणला स्वस्त पडेल, तिथेही पंचवटी थांबते, पण मग कल्याण-ठाणे लोकलची सकाळची गर्दी रोज अंगावर घ्यायची. मुक्कामाला राहून पुन्हा लोकलमध्ये चेंगरायचं असेल तर मुक्कामाचा फायदा अर्धा गेला.

बघायला जाल तेव्हा संध्याकाळी सात-साडेसातला जा, दुपारी नको. पाणी किती वाजता येतं, बाथरूम कितीजणींत एक, दार रात्री किती वाजता बंद होतं, डब्यात सकाळचं जेवण मिळतं का, कपडे धुवायचं काय, हे त्या वेळी डोळ्यांनी दिसतं. अनामत किती, नोटीस किती दिवसांची, मधेच सोडलं तर किती कापणार, हे लेखी घ्या.

पीजीऐवजी दोघी-तिघींनी मिळून वन बीएचके घेतलात तर लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा) करार नोंदणी केलेलाच हवा. महाराष्ट्रात तो घरमालकाच्या जबाबदारीवर बंधनकारक आहे. सगळ्या राहणाऱ्यांची नावं करारात असू द्या, पोलिसांना भाडेकरूची माहिती दिल्याची पोच मागून घ्या. ‘फक्त एकीच्या नावावर करू’ ही सोय पुढे अंगाशी येते, कारण ती सोडून गेली की बाकीच्यांना राहण्याचा कागदोपत्री हक्कच उरत नाही.

कराचं. जुन्या करपद्धतीत असाल तर ठाण्याच्या भाड्यावर एचआरए (घरभाडे भत्ता) सवलत आणि नाशिकच्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट दोन्ही घेता येतात, कारण नोकरीचं गाव वेगळं आहे. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन लागतो. पीजीवाले तो द्यायला टाळाटाळ करतात, म्हणून अनामत देण्याआधी मागा. पीजीच्या पावतीत जेवणाचे पैसे वेगळे दाखवून घ्या, सवलत राहण्याच्या भाड्यालाच आहे. नव्या पद्धतीत एचआरए नाही, तिथे हा फायदा शून्य धरा.

मुक्काम केला तर पास काढू नका. महिन्याला चार-पाच जाणं-येणं होतं, त्याला आरक्षित तिकीट पुरतं आणि बसायची खात्री असते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. शुक्रवारची परतीची तिकिटं दर आठवड्याला एक याप्रमाणे काढत राहा. आयत्या वेळी शुक्रवारची पंचवटी मिळत नाही. दिवाळी, गणपती, मे महिना असेल तर उघडल्या दिवशीच.

---

इंदिरानगरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. जेलरोड यांचा मुलीबद्दलचा मुद्दा मिस्टरांनाही वाचून दाखवला. ऑफिसशी बोलले. सोमवार आणि शुक्रवार पावणेसहाला निघायला हरकत नाही, ईमेलवर देतो म्हणाले. मंगळवार ते गुरुवार साडेसहाच. आणखी विचारायचं म्हणजे, मधे बुधवारी एकदा घरी येऊन गेलं तर? सलग चार रात्री सासूबाईंवर भार पडतो, मिस्टरांची रात्रपाळी असेल तेव्हा तर जास्तच.

---

घाटवाट

बुधवारी साडेसहाला सुटून पंचवटी मिळत नाही, हे वर आलंच आहे. उशिराच्या गाडीने पोचायला अकरा वाजतील आणि गुरुवारी पहाटे पाचला पुन्हा उठायचं. आठवड्यातली सगळ्यात वाईट झोप तीच होईल. बुधवार मधे आणायचाच असेल तर ऑफिसकडून शुक्रवारऐवजी बुधवार मागा. सोमवारी सकाळी जायचं, सोमवार-मंगळवार मुक्काम, बुधवारी पावणेसहाला निघून घरी. गुरुवारी सकाळी परत, गुरुवारी मुक्काम, शुक्रवारी कसंही करून निघायचं. मुक्कामाच्या रात्री तीन राहतात. तीन महिन्यांनंतर शुक्रवार घरून मिळाला की गुरुवारचा मुक्काम ठेवायचा की नाही ते पुन्हा बघा.

मात्र महिन्याला आठ-नऊ फेऱ्या झाल्या की पास आणि सुटी तिकिटं यांची तुलना करावी लागते. नाशिकरोडच्या खिडकीवर पासाची रक्कम विचारा, तिला जाण्या-येण्याच्या आरक्षित भाड्याने भागा. जो आकडा येईल त्याहून फेऱ्या जास्त असतील तर पास. आठ-नऊच्या जवळपास असेल तर तिकीटच घ्या, जागा मिळते.

---

खोली आणि डबा

मिस्टरांच्या रात्रपाळीचे आठवडे आधी कळतात ना? मग ते कॅलेंडरवर मांडा, आणि फक्त त्याच आठवड्यांत रात्री थांबणारी बाई सासूबाईंच्या सोबतीला ठेवा. तिचा पगार मुक्कामाच्या खर्चातच धरायचा, नाहीतर पीजी स्वस्त वाटतं. सकाळी मुलीचा डबा आणि रिक्षापर्यंत सोडणं यासाठीही माणूस लागेल, तो रोजच्या ये-जामध्येही लागणारच होता, कारण साडेसहाला तुम्ही घरात नसताच.

---

जेलरोड

एक बारीक गोष्ट. सोमवारी स्कूटर नाशिकरोडच्या पार्किंगला लावून शुक्रवारी न्यायची असं करू नका. भाडं चोवीस तासांच्या हिशेबाने लागतं, आणि पावसात चार दिवस उभी राहिलेली गाडी शुक्रवारी रात्री दहाला चालू होत नाही. सोमवारी मिस्टरांनी सोडावं किंवा रिक्षा सांगून ठेवावी. सहाच्या सुमाराला द्वारका चौक रिकामा असतो, इंदिरानगरहून वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

रुजू होण्याची तारीख जूनमध्ये असेल तर पीजी पहिल्या दिवसापासूनच घ्या, नोटीस मात्र पंधरा दिवसांची ठरवून. ऑक्टोबरमध्ये रुजू होत असाल तर एक महिना पासावर काढून बघायला हरकत नाही. पण त्या महिन्यात पावणेसहाला रोज खरोखर निघता आलं का, याची तारीखवार नोंद ठेवा.